शेवटच्या कडव्यातलं नाव : एआयकडून गाणं लिहून घेण्यामागची पार्श्वभूमी

हळदीची, जयंतीच्या मिरवणुकीची, ग्रामपंचायतीच्या प्रचाराची गाणी मराठवाड्यात आता मोबाइलवर एआयकडून लिहून घेतली जाऊ लागली आहेत. ती चांगली की वाईट यावर लोक फार अडत नाहीत. अडतात ते गाणं कोणाचं म्हणायचं, यावर.

रचणाऱ्याचं नाव रचनेतच गोवायची रीत इथं जुनी आहे. 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', 'एका जनार्दनी' या नाममुद्रा सगळ्यांना पाठ आहेत. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कव्वालीतला तखल्लुसही, म्हणजे शायरानं शेवटी गुंफलेलं आपलं टोपणनाव, कानावरून गेलेला. नाव घातलं म्हणून घोळ टळला असं नाही. 'नामा'च्या मुद्रेखाली वेगवेगळ्या शतकांतल्या कवींचे अभंग मिसळले आणि ते निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. जात्यावरच्या ओवीत तर भावाचं नाव येई, माहेरच्या गावाचं येई. रचणारीचं सहसा येत नसे.

मला जवळून माहीत आहे तो कॅसेटचा आणि गीतांच्या चोपड्यांचा काळ. न्यूजप्रिंटचा कागद, मधोमध दोन पिना, प्रत्येक गीताच्या डोक्यावर 'चाल :' आणि पुढं एखाद्या हिंदी चित्रपटगीताची पहिली ओळ. चाल उसनी आहे हे उघड छापलेलं असे. शब्द आपले, आणि त्याची खूण शेवटच्या कडव्यात. गायकाला ते नाव गाळता येत नसे, कारण ते गाळलं की ओळीच्या मात्राच तुटत. कॅसेटच्या कव्हरवर कवीचं नाव नसलं तरी गाण्यात ते उरे. पैशाचं मात्र तसं नव्हतं. एकरकमी काही हातावर ठेवून हक्क लिहून घेतले जात. गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा असा सोडून देता येणार नाही, ही तरतूद कॉपीराइट कायद्यात आली 2012 मध्ये. चोपड्यांचे बहुतेक कवी तोवर थकले होते.

संगणकानं संगीत रचण्याचा गाजलेला पहिला प्रयोग अमेरिकेतल्या एका विद्यापीठात 1957 च्या सुमारास झाला. मजकूर लिहिणारे चॅटबॉट 2022 च्या अखेरीस सर्वांच्या हाती आले आणि पुढच्या दीड वर्षात शब्द, चाल, आवाज एकदम देणारी साधनंही आली.

परभणीत एका नातलग मुलानं बहिणीच्या हळदीसाठी गाणं मागितलं, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. 'हलगीचा ठेका, चार कडवी, मराठवाडी बोली' एवढं त्यानं टाइप केलं. पहिल्या खेपेला आलं, 'मी सासरी जात आहे'. त्यानं ते खोडून 'जायलेय' केलं. यंत्राच्या आवाजानं 'हळद'चं 'हलद' केलं, म्हणून ते गाणं शेवटी मामीनं गायलं. तिसरं कडवं चालीत बसेना. ही यंत्रं देवनागरी शब्दाचे आपल्या सोयीनं तुकडे पाडतात. ते तुकडे आपल्या अक्षरांशी जुळतीलच असं नाही, म्हणून अक्षरांचं गणित चुकतं. ते कडवं मुलानं स्वतः बोटांवर मोजून लिहिलं. आता शेवटी नाव कोणाचं घालायचं, असं मामीनं विचारलं, आणि नवरीचं घालून वेळ भागवली.

कायद्यात याचं उत्तर आहे, पण ते एका शब्दात अडकलेलं आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. 1994 च्या दुरुस्तीनं त्यात असं घातलं की संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारणीभूत ठरते ती. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात निदान 'आवश्यक ती व्यवस्था करणारा' असं म्हटलं आहे. आपल्याकडं नुसतं कारणीभूत. मराठीत अपघाताला खड्डा कारणीभूत असतो. म्हणून खड्डा काही कर्ता होत नाही. त्या मुलाच्या गाण्याला कारणीभूत कोण? टाइप करणारा तो, यंत्र बनवणारी कंपनी, की ज्यांची गाणी चारून यंत्र शिकवलं ते सगळे? हा शब्द बसवला तेव्हा अशी यंत्रं कोणाच्या डोळ्यांपुढं नव्हती, आणि तरी अर्थ त्यातूनच काढावा लागतो. 2020 मध्ये आपल्याकडं एका चित्राच्या कॉपीराइट नोंदणीत माणसासोबत एआय प्रोग्रॅमलाही सहकर्ता म्हणून मान्यता मिळाली, आणि वर्षभरानं तीच नोंदणी मागं घेण्याची नोटीस निघाली. माझ्या मते मुळात ती मान्यता द्यायलाच नको होती. बोटांवर मोजलेलं कडवं आणि आयतं आलेलं कडवं कायद्यानं वेगळं ओळखायला हवं. अमेरिकेतल्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी 2025 च्या अहवालात साधारण तीच दिशा धरली : आजच्या साधनांत नुसतं प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, लिहून कर्तेपण मिळत नाही, माणसानं स्वतः घातलेल्या भागापुरतं मिळतं.

यंत्र शिकवायला वापरलेल्या गाण्यांचा वाद निराळा. जून 2024 मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेत गाणी बनवणाऱ्या दोन एआय कंपन्यांवर दावे लावले. नोव्हेंबर 2025 मध्ये म्यूनिकच्या न्यायालयानं नऊ जर्मन गीतांच्या शब्दांबाबत चॅटबॉट बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. आपल्याकडं डिसेंबर 2025 मध्ये सरकारी समितीचा मसुदा आला. यंत्राच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे कर्त्याला नाकारता येणार नाही असा, आणि त्यापोटी मूळ कर्त्यांना रॉयल्टी, अशी त्याची शिफारस आहे. चोपड्यांच्या कवींना त्यातलं काही मिळायचं तर त्यांची नावं आधी कुठंतरी नोंदलेली लागतील, आणि ती आहेत शेवटच्या कडव्यांत. एआयनं लिहिलेल्या कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मसुद्यानं पुढच्या भागासाठी ठेवला आहे.