पिझ्झा

पिझ्झा : आंबवलेल्या मैद्याची पोळी थापून, तिच्यावर टोमॅटो, चीज व इतर जिन्नस पसरून कडक तापलेल्या भट्टीत भाजलेला, मूळचा दक्षिण इटलीतील पदार्थ. हे नाव रोम व नेपल्स यांच्या मध्ये असलेल्या गाएता गावच्या इ. स. ९९७ च्या एका लॅटिन करारात आढळते. कुळाने नाताळला व ईस्टरला बिशपला बारा-बारा पिझ्झे द्यावेत, अशी त्यात अट आहे. त्या पिझ्झ्यांवर टोमॅटो असणे शक्यच नव्हते. टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात पोहोचला तो सोळाव्या शतकात, आणि तिथेही बराच काळ लोक त्याला विषारी समजत.

आजचा पिझ्झा घडला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील नेपल्समध्ये, आणि तो गरिबांनी घडवला. हमाल, कोळी, मजूर अशी माणसे एकेका खोलीत दाटीने राहत. स्वयंपाकाला ना जागा, ना सरपण. फेरीवाले धातूच्या डब्यात गरम पिझ्झे भरून, डबा डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली हिंडत आणि गिऱ्हाइकाकडे असतील तेवढ्या पैशांचा तुकडा कापून देत. वर लसूण, तेल, चरबी किंवा बारीक मासे असत. ‘आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या’ अशी उधारीही चाले. शिष्ट लोकांना मात्र हा प्रकार किळसवाणा वाटे. तारायंत्रामुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल मोर्सने १८३१ साली त्याची तुलना गटारातून काढलेल्या पावाशी केली होती.

१८८९ च्या जूनमध्ये इटलीची राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो या पिझ्झावाल्याने टोमॅटो, मोझरेला चीज व तुळशीच्या जातीतील बेझिल वापरून इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, राणीला तो आवडला आणि तिचे नाव त्याला मिळाले, ही कथा जगभर सांगितली जाते. राजवाड्यातून आलेले आभाराचे पत्रही दाखवले जाते. परंतु त्या पत्राच्या अस्सलपणावर संशोधकांनी शंका घेतली आहे, आणि हेच जिन्नस घातलेला पिझ्झा नेपल्समध्ये त्याआधीही होत असे. कथा गोड आहे. इतिहास म्हणून मात्र ती जपूनच घ्यावी.

प्रसाराचा खरा रस्ता अटलांटिकपलीकडून गेला. पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या दक्षिण इटालियनांनी पिझ्झा सोबत नेला. न्यूयॉर्कमधील लोम्बार्दीचे दुकान १९०५ पासूनचे मानले जाते. शिकागोत १९४३ पासून जाड, खोलगट पिझ्झा रूढ झाला. पुढे पिझ्झा हट (१९५८) व डॉमिनोज (१९६०) यांनी त्याला साखळी दुकानांचा आणि घरपोच सेवेचा धंदा बनवले. इटलीच्या उत्तर भागात मात्र तो सर्रास मिळू लागला दुसऱ्या महायुद्धानंतर, दक्षिणेतले मजूर मिलान-तूरिनच्या कारखान्यांत गेले तेव्हा. एखादी गोष्ट परदेशात नावारूपाला येऊन मायदेशी मान मिळवते, या प्रक्रियेला अगेहानंद भारती यांनी १९७० मध्ये ‘पिझ्झा इफेक्ट’ म्हटले. व्हिएन्नात जन्मून भारतात संन्यास घेतलेल्या या मानववंशशास्त्रज्ञाच्या डोळ्यांपुढे अर्थात पिझ्झ्यापेक्षा हिंदू परंपराच अधिक होती.

नेपल्सने आपला हक्क उशिरा सांगितला. १९८४ मध्ये तिथे स्थापन झालेल्या संस्थेने अस्सल नेपल्स पिझ्झ्याचे नियम बांधले : पोळी हातानेच थापायची, भट्टी लाकूड जाळून तापवलेली, तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सिअस, भाजणी ६० ते ९० सेकंद. २०१७ मध्ये तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

भारतात डॉमिनोज व पिझ्झा हट १९९६ मध्ये आले. पनीर, तंदुरी मसाला, कांदा-लसणाविना जैन पिझ्झा हे इथले प्रकार नेपल्सच्या नियमांत कुठेच बसत नाहीत. महाराष्ट्रातल्या घरांत तर बेकरीतून आणलेला तयार बेस, वर केचप, सिमला मिरची आणि किसलेले चीज घालून झाकण ठेवून तव्यावरच पिझ्झा होतो.