परदेशस्थ भारतीय शास्त्रज्ञांचे मायदेशी पुनरागमन

परदेशात शिकलेल्या किंवा तिथे नोकरी करणाऱ्या भारतीय संशोधकांनी परत येऊन इथल्या प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत काम करावे, यासाठी सरकारने व संस्थांनी वेळोवेळी केलेले प्रयत्न. हुशार माणसांच्या परदेशी जाण्याला मराठीत ‘बुद्धिगळती’ असा शब्द आहे, तरी बोलताना बहुतेक जण ‘ब्रेन ड्रेन’च म्हणतात. उलट दिशेच्या प्रवासाला असा रुळलेला शब्द नाही. ‘अमेरिकेतून परत आला’ एवढेच सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून लगेच ‘का?’ असा प्रश्न येतो.

स्वातंत्र्यापूर्वी हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे. विलायतेला जायचे ते शिकून परत येण्यासाठीच. गोव्यातल्या कोसबेनमध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन आले आणि बनारसला गणित शिकवू लागले. कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून आल्या, दिल्ली, कुन्नूर आणि शेवटी मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. होमी भाभांचे येणे तर निव्वळ योगायोगाचे. १९३९ मध्ये ते केंब्रिजहून सुटीवर आले होते. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम सुरू केले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर निमंत्रणे गेली ती व्यक्तीकडून व्यक्तीला. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ १९५१ मध्ये इंग्लंडहून आल्या त्या नेहरूंच्या बोलावण्यावरून. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पण ज्याला कोणी बोलावले नव्हते त्याचे काय झाले, हे हरगोविंद खुराना यांच्या उदाहरणावरून दिसते. १९४९ मध्ये ते शिक्षण संपवून भारतात आले, मनाजोगे काम मिळाले नाही आणि थोड्याच अवधीत पुन्हा इंग्लंडला गेले. १९६८ चे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा ते अमेरिकी नागरिक होते.

पूल ऑफिसर

१९५८ हे या विषयातले महत्त्वाचे वर्ष. मार्चमध्ये विज्ञानविषयक धोरणाचा ठराव संसदेपुढे आला आणि त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू केला. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञाला, तंत्रज्ञाला किंवा डॉक्टरला कायम नोकरी मिळेपर्यंत एखाद्या संस्थेत तात्पुरते बसवायचे आणि मानधन द्यायचे, अशी ही व्यवस्था. या लोकांना संस्थांमध्ये ‘पूल ऑफिसर’ म्हणत. कल्पना माणुसकीची होती. आल्या आल्या कोणी रस्त्यावर पडू नये एवढी काळजी तीत होती. पण पूल हे प्रतीक्षालय होते. खुर्ची मिळे, ओळखपत्र मिळे, पण स्वतःची प्रयोगशाळा किंवा स्वतःचे विद्यार्थी मिळतील याची हमी नसे. मुदत संपली आणि जागा निघालीच नाही, तर बॅगा पुन्हा भरायच्या. पुढच्या जवळपास प्रत्येक योजनेत हा दोष कमीअधिक प्रमाणात उतरला आहे.

एकाच माणसाचे दोनदा परतणे

माणूस कशाने येतो आणि कशाने जातो, हे समजून घ्यायला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही, कारण ते दोनदा परतले.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असताना १९५३ मध्ये ते कोलंबो योजनेतून ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ लहान डिश ओळीने उभ्या होत्या. नवी यंत्रणा येत असल्याने त्या आता मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधन संस्थेने भेट म्हणून देऊ केल्या. १९५५ मध्ये ते दिल्लीला परत आले आणि डिशची वाट पाहत बसले. डिश फुकट मिळाल्या होत्या, पण त्या आणण्याचे जहाजभाडे कोणी भरायचे यावर दोन्ही देशांत पत्रव्यवहार चालू राहिला. हाताशी उपकरण नाही, दिवस तर जात आहेत. १९५६ मध्ये स्वरूप अमेरिकेला निघून गेले. पुढे त्यांनी स्टॅनफर्डला पीएच.डी. केली आणि तिथेच ते शिकवू लागले. एक हुशार माणूस देशाने जहाजभाड्यापायी गमावला, असे म्हणायला हरकत नाही.

ऑगस्ट १९६१ मध्ये बर्कलीला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अधिवेशन भरले. तिथे स्वरूप, टी. कृष्णन, एम. आर. कुंडू आणि टी. के. मेनन हे चौघे भेटले. एकेकट्याने परतून काही साधणार नाही, गेलो तर गट म्हणून जाऊ, असे ठरवून त्यांनी सप्टेंबरमध्ये भारतातल्या काही संस्थांना सारखाच प्रस्ताव पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची तार आली. रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायचे ठरले आहे, नेमणुकीचे पत्र मागाहून येत आहे, असा तिचा आशय होता. मधल्या काळात भाभांनी परदेशातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांकडून या चौघांविषयी मते मागवून घेतली होती. म्हणजे तार घाईने केलेली नव्हती. पण निर्णय एका माणसाच्या हातात होता आणि त्याने तो चार महिन्यांत घेतला.

स्वरूप १९६३ मध्ये टीआयएफआरमध्ये रुजू झाले. पॉट्स हिलच्या त्या ३२ डिश तोवर भारतात येऊन पडल्याच होत्या. १९६५ मध्ये त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि सूर्याचा वेध घेऊ लागल्या. त्यानंतर उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण १९७० मध्ये पुरी झाली. उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश, असा मुद्दाम शोधलेला. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून ताऱ्याचा तासन्‌तास पाठलाग करता येऊ लागला. नारायणगावाजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, हे याच गटाचे नंतरचे काम.

चौघांपैकी कायमचे राहिले ते मात्र एकटे स्वरूप. कुंडू आणि मेनन काही वर्षे काम करून परत गेले, कृष्णन ऑस्ट्रेलियातच राहिले. चारात एक म्हणजे अपयश, असे कोणी म्हणेल. पण त्या एकाने इथेच विद्यार्थी तयार केले आणि गट त्यांच्या बळावर वाढला.

महाराष्ट्रातील काही नावे

मनमोहन शर्मा १९६४ मध्ये केंब्रिजहून येऊन मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. पुण्याचे वसंत गोवारीकर १९६७ मध्ये इंग्लंडमधली नोकरी सोडून तिरुवनंतपुरमला गेले आणि अग्निबाणाच्या घन इंधनाचे काम त्यांनी हाती घेतले. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून टीआयएफआरमध्ये आले. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली तिचे ते पहिले संचालक. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलफर्डहून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रुजू झाले आणि पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. यांतल्या प्रत्येकाला येताच ठरलेली जागा आणि ठरलेले काम होते. कोणीही पूलमध्ये थांबून आलेला नाही.

योजनांचा काळ

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची ‘टोकटेन’ ही योजना परदेशस्थ तज्ज्ञांना काही आठवड्यांसाठी मायदेशी आणत असे. खरा भर आला तो २००६ नंतर. पुणे आणि कोलकाता येथे त्या वर्षी आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या राष्ट्रीय संस्था, सुरू झाल्या, मागोमाग नव्या आयआयटी आल्या आणि बऱ्याच वर्षांत प्रथमच जागा मोठ्या संख्येने निघाल्या. त्याच सुमारास जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची रामानुजन फेलोशिप सुरू झाली. दोन्ही पाच वर्षांच्या. रामानुजन फेलोला महिना १,३५,००० रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला ७ लाख रुपये मिळतात. ती आता ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’कडे आहे. जीवविज्ञानासाठी २००८ पासून वेलकम ट्रस्ट आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची ‘इंडिया अलायन्स’ फेलोशिप आहे आणि तरुण संशोधकांत तिची पत सर्वांत मोठी आहे. २००९ पासून भरणाऱ्या ‘यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग’मध्ये परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधन, करणारी मुले-मुली आणि इथले संचालक एका टेबलाशी जेवतात. नोकरीची पहिली बोलणी पुष्कळदा अशा जेवणावरच होतात.

पाच वर्षे संपल्यावर काय, हे मात्र फेलोशिपच्या पत्रात लिहिलेले नसते. संस्थेने जाहिरात काढली आणि निवड समितीने निवडले, तर नोकरी. विद्यार्थी घेतलेले असतात, यंत्रे बसवलेली असतात आणि चौथ्या वर्षापासून माणूस पुन्हा अर्ज करू लागतो.

परतल्यानंतर

पगार हे न येण्याचे मुख्य कारण क्वचितच असते. अडते ते वेळेवर. उणे वीस अंशांत ठेवायचे एन्झाइम अमेरिकेत आज मागवले तर साधारण उद्या टेबलावर येते. इथे ते कोरड्या बर्फात बांधून विमानतळावर उतरते. कस्टममध्ये एखादा कागद अडला की बर्फ हवेत विरून जातो आणि आठवड्याने हाती येते ती कोमट बाटली. खरेदीचे नियम पेन-पंखे घेण्याच्या हिशेबाने घडलेले. कोटेशने मागवा, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू नाही असा दाखला जोडा, सर्वांत स्वस्त तो ‘एल-वन’ घ्या. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने संशोधन संस्थांसाठी हे बंधन सैल केले. कोटेशनविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार संचालक व कुलगुरूंना मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात, प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झाले होते. शास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर ते काही दिवसांत मागे घेतले गेले.

घरच्या अडचणी वेगळ्या. पती-पत्नी दोघेही संशोधक असतील तर एकाच गावात दोघांना जागा मिळणे अवघड, आणि तडजोड बहुधा बाईच्या वाट्याला येते. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्याला ओसीआय, म्हणजे ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’, असे कार्ड मिळते, पण ते म्हणजे नागरिकत्व नव्हे. सरकारी संस्थेत त्याची नेमणूक सहसा करारावर होते. चाळिशीत आलेल्याला सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत साठीला निवृत्त व्हायचे असते. प्रयोगशाळा उभी करण्यात पहिली दोन-तीन वर्षे जातात, म्हणजे हातात राहतात ती सतराअठराच.

आक्षेप

परतणाऱ्याला लाल गालिचा आणि इथेच राहिलेल्याला सतरंजीही नाही, हा आक्षेप जुना आणि पुष्कळ अंशी खरा आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नेट-सेट झालेले पीएच.डी.धारक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास भरले तितकेच पैसे, उन्हाळ्याच्या सुटीत तेही नाहीत. त्यांच्या देखत २०१७ च्या ‘वज्र’ योजनेत पाहुण्या प्राध्यापकाला पहिल्या महिन्याचे १५,००० डॉलर देऊ केले गेले. परदेशी शिक्का असलेल्यालाच निवड समित्या झुकते माप देतात, त्यामुळे हुशार विद्यार्थ्याला परदेशी पोस्टडॉक करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. परत आणण्याच्या योजनांनीच जाण्याची सक्ती पक्की केली, असा हा उलटा परिणाम आहे.

अलीकडचे

कायमचे परतणे होत नाही असे दिसल्यावर धोरण येऊन-जाऊन करण्याकडे वळले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘वैभव’ फेलोशिपमध्ये परदेशस्थ भारतीय शास्त्रज्ञाने वर्षातून एक-दोन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षे, इथल्या संस्थेत काम करायचे आणि महिना ४ लाख रुपये घ्यायचे. ओळखी टिकवायला हे बरे. पण विद्यार्थ्याचा फसलेला प्रयोग नोव्हेंबरात समजून घ्यायला पाहुणा इथे नसतो.

तुलना नेहमी चीनशी होते. २००८ च्या ‘सहस्र प्रतिभा’ योजनेने चीनने परतणाऱ्यांना मोठ्या रकमा दिल्या हे खरेच, पण तोवर विद्यापीठांतल्या प्रयोगशाळा सजल्या होत्या. चीन संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक खर्च करतो. भारताचा खर्च २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होता.

२०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या निधीत कपात सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लागले, तेव्हा आता आपली माणसे परत येतील अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांतही झळकल्या. पण अमेरिकेचे दार अडले म्हणजे पावले मुंबईकडेच वळतील, असे नाही. युरोपीय संघाने त्याआधीच, मे २०२५ मध्ये, जगभरातल्या संशोधकांना बोलावण्यासाठी २०२५ ते २०२७ या काळाकरिता ५० कोटी युरो जाहीर केले होते.