फुकटची रात्र आणि पैशाची रात्र: न्यूझीलंडचे मोटरहोमवाले नेमके कशावरून भांडतात?

न्यूझीलंडला जाऊन कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायचं ठरलं की घरातल्या कुणीतरी विचारतंच, "हॉटेलचे पैसे वाचवायला घरच चाकांवर घ्यायचं, आणि मग जागेचे पैसे वेगळे मोजायचे?" यावर ऐकीव उत्तरं दोन. "तिकडे कुठेही गाडी लावून झोपा, कोणी काही बोलत नाही" हे एक, आणि "पैसे भरून कॅम्पसाइटवरच राहायचं, नाहीतर दंड" हे दुसरं. दोन्ही चुकीची. पण ती इतकी प्रचलित आहेत की तिथले मोटरहोमवालेसुद्धा वाद घालताना याच दोन टोकांवर उभे राहतात.

आधी फुकटची बाजू. तिकडे तिला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात आणि २०११ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या वर्षी सप्टेंबरात रग्बी विश्वचषक होता, भाड्याच्या गाड्यांमधून जगभरचे लोक येणार होते, त्याच्या तोंडावर ऑगस्टमध्ये कायदा मंजूर झाला. रस्त्यापासून, गाडी जाऊ शकेल अशा जागेपासून किंवा समुद्राच्या ओहोटीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत तंबूत, कॅरव्हॅनमध्ये किंवा गाडीत मुक्काम केला आणि ती जागा नोंदणीकृत कॅम्पग्राउंड नसली, तर तो फ्रीडम कॅम्पिंग धरला जातो. दिवसभराची सहल यात येत नाही. थोडा वेळ गाडी उभी करणंही नाही. आणि गाडी चालवताना डोळे मिटायला लागले म्हणून रस्त्याच्या कडेला झोप काढणं हेही वगळलेलं आहे. ही शेवटची सूट सगळ्यात जास्त ताणली जाते. पडदे ओढलेले, गादी अंथरलेली, अंगात नाइट ड्रेस, आणि तपासनीस आला की "फार थकलो होतो हो!" तपासनीसही हे रोज ऐकत असणार.

ही मुभा सार्वजनिक जमिनीपुरती आहे, म्हणजे नगर परिषदांची जमीन, निसर्ग संवर्धन खात्याची जमीन वगैरे. कुणाच्या खाजगी कुरणात गाडी लावायची तर मालकाची परवानगी हवी. परिषद स्वतःच्या हद्दीत कुठे बंदी, कुठे दोन रात्रींची मर्यादा, कुठे आखलेल्या चौकटीतच गाडी, असे नियम करू शकते. पण सगळ्या हद्दीत सरसकट बंदी घालता येत नाही. शिवाय नियम करायला कारणं फक्त तीन चालतात: त्या जागेचं रक्षण, तिथे येणाऱ्यांचं आरोग्य आणि सुरक्षितता, आणि जागेपर्यंत लोकांना पोचता येणं. गावातल्या हॉलिडे पार्कचा, म्हणजे पैसे घेऊन गाडीला जागा आणि सोयी देणाऱ्या तळाचा, धंदा बुडतो, हे कारण त्या यादीत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढच्या भांडणाचं मूळ इथे आहे.

मग २०२३ साली कायद्याने मोठं वळण घेतलं. परिषदेच्या जमिनीवर गाडीत मुक्काम करायचा असेल, तर परिषदेने वेगळी सवलत दिली नसेल तोवर, गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणून प्रमाणित हवी. याचा हिशेब जुनाच आहे: गाडीतल्या माणसांना तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि बाहेर काहीही न सांडता राहता आलं पाहिजे. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, म्हणजे तीन दिवसांचे १२ लिटर, तेवढंच सांडपाणी साठवायची टाकी, सिंक, झाकणाची कचरापेटी आणि संडास. पूर्वी सीटखाली सरकवून ठेवलेला उचलता संडास चालायचा. आता तो गाडीत पक्का बसवलेला हवा, आणि बिछाना घातलेला असतानाही वापरता आला पाहिजे. प्रमाणपत्राचं जुनं निळं कार्ड मागे पडलं आणि हिरवं कार्ड आलं. लहान व्हॅन स्वतः सजवून फिरणाऱ्या तरुणांना हा नियम फार झोंबला. गादी आणि संडास एकाच वेळी मावतील एवढी जागा त्यांच्या गाडीत असतेच कुठे?

इटलीत फिरून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. तिथे वाहतूक कायद्याच्या १८५व्या कलमानुसार मोटरहोम फक्त चाकांवर उभी असेल, बाहेर काही सांडत नसेल आणि स्वतःच्या आकाराबाहेर रस्त्यावर पसरत नसेल, तर ती नुसती पार्क केलेली गाडी. खुर्च्या-टेबल बाहेर काढलं, छत ओढलं, की कॅम्पिंग सुरू. म्हणजे इटलीचा कायदा गाडीच्या बाहेर बघतो आणि न्यूझीलंडचा आत. न्यूझीलंडमध्ये एकही खुर्ची बाहेर न काढता गुपचूप झोपलात, तरी तो मुक्कामच.

आता पैशाची बाजू. हॉलिडे पार्क म्हणजे गाडीला २३० व्होल्टची वीज, गरम पाण्याची न्हाणीघरं, सामायिक स्वयंपाकघर, धुलाई यंत्रं, मुलांना झोपाळे, आणि टाक्या रिकाम्या करायचं डम्प स्टेशन. भाडं बऱ्याच ठिकाणी जागेवर नाही तर माणशी असतं, त्यामुळे जोडप्याचा आणि चौघांच्या कुटुंबाचा हिशेब एकच नसतो. विजेच्या जागेला दोघांचे रात्रीला ५० न्यूझीलंड डॉलरच्या पुढे सहज जातात. ख्रिसमस ते जानेवारी अखेर शाळांना उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा समुद्राकाठची पार्कं कित्येक महिने आधी भरलेली असतात.

पण खरा घोटाळा मधल्या जागांमुळे होतो. निसर्ग संवर्धन खात्याच्या म्हणजे डॉकच्या दोनशेहून अधिक कॅम्पसाइटपर्यंत गाडी जाते. त्यांतल्या 'बेसिक' वर्गाच्या जागा फुकट आहेत, तरीही त्या रीतसर कॅम्पसाइटच. 'स्टँडर्ड' किंवा 'सीनिक' जागेला पैसे पडतात, पण वीज नाही, गरम पाणी नाही. मिळतो तो साधा संडास, पाण्याचा नळ आणि डोक्यावर डोंगर. मिलफर्डच्या रस्त्यावरची कॅस्केड क्रीक ही अशीच जागा. १९५६ साली स्थापन झालेल्या न्यूझीलंड मोटर कॅरव्हॅन असोसिएशनची स्वतःची पार्कं आहेत. सदस्यांना किरकोळ पैशात राहता येतं, पण संडास-पाणी ज्याने त्याने आपल्या गाडीत बघायचं. याउलट काही परिषदांच्या फुकट जागांवर संडास बांधलेले सापडतात. म्हणजे फुकट तिथे सोय नाही आणि पैसे तिथे सोय, असं समीकरण मांडता येत नाही. एका रात्रीचं पाणी, घाण, वीज आणि कचरा यांचा भार गाडी उचलते की जागा उचलते, एवढं विचारलं की बराचसा गुंता सुटतो.

या प्रश्नाने मोटरहोमवाल्यांची भांडणंही उलगडतात. निवृत्त जोडपी, ज्यांनी घर विकून किंवा बचत मोडून सात-आठ मीटरची गाडी घेतली, ती म्हणतात: संडास, टाक्या, सौर पॅनल, सगळ्याचे पैसे आम्ही गाडी घेतानाच मोजलेत. जी सोय वापरायचीच नाही तिचे पैसे रोज का द्यायचे? गावात आम्ही डिझेल भरतो, भाजी घेतो, कॅफेत बसतो. असोसिएशनचा 'मोटरहोम फ्रेंडली टाउन' हा, मोटरहोमवाल्यांचं स्वागत करणाऱ्या गावांचा, उपक्रमही याच भूमिकेवर चालतो. मला हा युक्तिवाद पुष्कळसा पटतो. मात्र तो अर्धाच मांडला जातो, कारण टाकी भरते ती कुठेतरी रिकामी करावी लागते. ते डम्प स्टेशन परिषदेचं असेल तर त्याची देखभाल गावकऱ्यांच्या घरपट्टीतून होते. असोसिएशन अनेक डम्प स्टेशनना मदत करते हे खरं, पण एकटा फिरणारा माणूस "मी कुणावर भार टाकत नाही" म्हणतो तेव्हा या साखळीचा शेवटचा दुवा गाळून बोलत असतो.

हॉलिडे पार्कवाल्यांचा राग वेगळा आहे. ते परिषदेला कर भरतात, स्वच्छतेच्या नियमांखाली न्हाणीघरं-संडास ठेवतात, आणि तीच परिषद समोरच्या किनाऱ्यावर फुकट जागा आखून देते! तक्रार समजण्यासारखी आहे, पण वर म्हटल्याप्रमाणे कायद्यात तिला जागा नाही. क्वीन्सटाउनचं उदाहरण घ्या. डोंगर, तलाव, पर्यटकांची झुंबड, आणि फ्रीडम कॅम्पिंगवरचा परिषदेचा २०२१ सालचा कडक नियम. असोसिएशन कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने तो नियम रद्दबातल ठरवला. गाड्यांचा त्रास होतो एवढं म्हणून भागत नाही, नियम कायद्याने दिलेल्या कारणांत बसवावा लागतो, हा धडा इतर परिषदांनीही घेतला असेल.

मुलं घेऊन फिरणाऱ्यांना या तात्त्विक वादाशी फारसं घेणंदेणं नसतं. त्यांची गरज असते ओले टॉवेल सुकवायची. एक-दोन रात्री फुकट आणि मग एक रात्र हॉलिडे पार्कमध्ये, असा बहुतेकांचा बेत असतो, आणि टाकी-बॅटरीचा हिशेबही तिथेच नेऊन सोडतो. शंभर अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी घ्या. ती अर्ध्याच्या खाली नेऊ नये असं म्हणतात, म्हणजे हाती राहतात पन्नास. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसभरात त्यातले बहुतेक खाऊ शकतो. गाडी रोज दोन-तीन तास चालवली तर बॅटरी बरीचशी पुन्हा भरते. एकाच जागी पावसात बसून राहिलात, सौर पॅनलही ढगाखाली, की दुसऱ्या सकाळी फ्रिज कुरकुरतो. मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली बहुतेक भाड्याच्या गाड्यांत पार्कमधल्या विजेच्या खांबाला वायर जोडल्याशिवाय चालतच नाहीत.

आणि पाणी. माणशी दिवसाला ४ लिटर हा हिशेब सँडविच खाणाऱ्यांनी केला असावा असं मला नेहमी वाटतं. तांदूळ दोनदा धुवायचे, कुकर घासायचा, हळद-तेलाची कढई घासायची, सकाळचा चहा दोनदा व्हायचा, हे त्या १२ लिटरांत बसवून दाखवा! गाड्यांच्या टाक्या प्रत्यक्षात पुष्कळ मोठ्या असतात म्हणून भागतं. तरी सांडपाण्याच्या टाकीत फोडणीचं तेल आणि भाताची शितं गेली की तिसऱ्या दिवशी सिंकमधून जो वास येतो, त्याने सगळे निमूटपणे हॉलिडे पार्कचा नंबर शोधू लागतात. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत, शितं गाळणीत अडवावीत, आणि कुकर शक्यतो पार्कच्या स्वयंपाकघरात लावावा. बंद गाडीत शिट्ट्या झाल्या की वाफ काचांवर धरते आणि रात्री थेंब उशीवर पडतात.

फुकट जागेसाठी लांब वळसा घेणाऱ्यांनी आणखी एक बेरीज करावी. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाडीला इंधनाशिवाय दर १,००० किलोमीटरमागे रस्ता वापरायचा वेगळा आकार पडतो, आणि भाड्याच्या गाडीवर कंपन्या तो बहुधा चालवलेल्या अंतराप्रमाणे शेवटी वसूल करतात. मूळ वाटेपासून चाळीस किलोमीटर आत जाऊन परत आलात, तर डॉकच्या साध्या साइटचे पैसे तिथेच संपलेले असू शकतात.

गाडी भाड्याने घेताना ती नुसती 'झोपायची सोय असलेली' आहे की प्रमाणित आहे, हे स्पष्ट विचारा. हिरवं कार्ड किती माणसांसाठी आहे तेही वाचा, कारण चौघांची गाडी दोघांसाठीच प्रमाणित असू शकते. मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या ॲपवर हिरवी खूण दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. परिषदेचा नियम बदललेला असतो आणि ॲपवरची खूण जुनी. जागेच्या तोंडाशी पाटी असेल तर ती पूर्ण वाचा: रात्रींची मर्यादा, चौकटींची संख्या, सकाळी किती वाजेपर्यंत निघायचं. चौकट रिकामी नसेल तर कडेला गवतावर लावलेली गाडी हिरव्या कार्डासकट दंडाला पात्र ठरू शकते, आणि दंड शेकडो डॉलरचा असतो. जानेवारीत तलावाकाठच्या चांगल्या फुकट जागा अंधार पडायच्या कितीतरी आधी भरतात. म्हणून दुपारीच जवळच्या हॉलिडे पार्कला फोन करून जागा आहे का आणि ऑफिस कधी बंद होतं, हे विचारून ठेवा. उशिरा पोचणार असाल तर काही ठिकाणी तुमच्या नावाचं पाकीट आणि जागेचा नकाशा दाराला लावून ठेवतात, पण आधी सांगितलं असेल तरच.