काळा गरुड (कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर युनियनचं चिन्ह)

लाल झेंडा, मधे पांढरा गोल आणि त्यात पंख पसरलेला काळा गरुड, हे अमेरिकेतल्या युनायटेड फार्म वर्कर्स या शेतमजुरांच्या युनियनचं चिन्ह. ग्राफिक डिझाइन लोकांच्या चळवळीला कसं उपयोगी पडतं याचं हे बहुतेक सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि गंमत म्हणजे ते काढणारा माणूस डिझायनर नव्हता, सुतार होता.

1962 मधे सेझार चावेझ, डोलोरेस वेर्ता वगैरे मंडळींनी संघटना बांधायला घेतली (तेव्हाचं नाव नॅशनल फार्म वर्कर्स असोसिएशन). मजूर बरेचसे मेक्सिकन वंशाचे, त्यामुळे अ‍ॅझटेक (मेक्सिकोतल्या जुन्या संस्कृतीचा) गरुड त्यांना आपला वाटणार हे चावेझला माहीत होतं, पण खराखुरा पिसापिसांचा गरुड काढायचा म्हटला तर चित्रकारच पाहिजे ना. मग त्याचा भाऊ रिचर्ड याने पंखांच्या कडा पायऱ्यांसारख्या काटकोनात सरळ करून टाकल्या, म्हणजे कुणीही तो काढू शकेल, कापडातून कापून शिवू शकेल. माझ्या मते सगळं डिझाइन या एका निर्णयात आहे, बाकी रंगांचे अर्थ (काळा म्हणजे मजुरांची हलाखी, पांढरा आशा, लाल त्याग) ठीकच आहेत. 30 सप्टेंबर 1962 ला फ्रेस्नोच्या अधिवेशनात झेंडा उघडला तेव्हा काही जण बिचकले, हा तर कम्युनिस्टांचा वाटतो म्हणे.

सप्टेंबर 1965 मधे डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला, सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली आणि आठवड्याभरात चावेझची संघटनाही उतरली. पुढच्या वर्षी डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी मोर्चा निघाला, त्यात हे झेंडे आणि ग्वादालुपेच्या मातेची (मेक्सिकोत पूजली जाणारी मेरी) निशाणं बरोबरीने होती.

चिन्हाइतकंच काम संघटनेच्या ‘एल माल्क्रिआदो’ या पेपरने केलं. बऱ्याच मजुरांना धड वाचता यायचं नाही, म्हणून व्यंगचित्रकार अँड्र्यू झेर्मेन्यो याने पात्रं उभी केली: नेहमी फसणारा भोळा मजूर दोन सोताको, ढेरपोट्या मालक आणि मालकाच्या वतीने माणसं आणणारा मुकादम दोन कोयोते. यातला मुकादम कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती, रोज सकाळी भेटायचाच तो.

मग शहरांत द्राक्षांवर बॉयकॉट सुरू झाला आणि गरुड बिल्ल्यांवर, पोस्टरांवर, सुपरमार्केटसमोरच्या पाट्यांवर गेला, म्हणजे ज्यांनी कधी मळा पाहिला नाही अशा गिऱ्हाइकांपर्यंत. 1970 मधे बागायतदारांनी करार केले तेव्हा युनियनच्या द्राक्षांच्या पेट्यांवर हाच गरुड छापून आला, आता ही घ्या असं सांगायला. इतकी वर्षं न घेण्याची खूण होती तीच घेण्याची झाली, हे जमलं कारण तोवर ती लोकांच्या डोळ्यांत बसलेली होती.

पण चिन्ह म्हणजे ताकद नव्हे. 1973 मधे करारांची मुदत संपली आणि बहुतेक बागायतदार टीमस्टर्स या दुसऱ्या युनियनकडे गेले, त्या मळ्यांच्या पेट्यांवरून गरुड उतरला, पुन्हा संप, पुन्हा बॉयकॉट. 1975 मधे राज्याने कायदा केला तेव्हा कुठे मजुरांना गुप्त मतदानाने आपली युनियन निवडता यायला लागली.