शून्य ते साठ, आणि त्याआधीचं बरंच काही

दोन स्पोर्ट्स कारचे मालक एकमेकांना भेटले की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. आधी रूपावरून टोमणे. मग पिकअप, टॉप स्पीड, अमुक ट्रॅकवर किती मिनिटं. आणि जो हरायला आलेला असतो तो शेवटचा पत्ता टाकतो: "पण माझी तुझ्या निम्म्या किमतीत आली." रूप, पळणं आणि पैसा वसूल, या तिन्ही मुद्द्यांचा जन्म वेगवेगळ्या वेळचा. आणि तिघांत ज्यावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात, त्या आकड्याचाच इतिहास सर्वांत संशयास्पद.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४८ च्या लंडन मोटर शोमध्ये जॅग्वारनं एक्सके१२० मांडली. नावातले १२० म्हणजे ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. विक्रीला ठेवलेली गाडी इतकी पळते यावर विश्वास बसेना, म्हणून मे १९४९ मध्ये कंपनीनं पत्रकारांना बेल्जियममधल्या याबेके गावाजवळच्या सरळसोट रस्त्यावर नेलं आणि तिथं गाडी ताशी १३२.६ मैलांनी धावली. त्या धावेसाठी नेहमीची काच काढून छोटी काच बसवली होती आणि पोटाखाली वारा कापायला पत्रा लावला होता. नियमानुसार चूक काहीच नाही. पण शोरूममधून घरी नेलेल्या गाडीचा तो आकडा नव्हता.

'शून्य ते साठ', म्हणजे थांबलेली गाडी किती सेकंदांत ताशी साठ मैलांवर जाते ते मोजणं, याच सुमारास रुजलं. अमेरिकेतल्या 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात टॉम मकेहिल १९४६ पासून गाड्या स्वतः चालवून परीक्षणं लिहू लागले, आणि हे मोजमाप रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. टॉप स्पीड मोजायला मोकळा, लांब रस्ता लागतो आणि तशी गाडी रोज कोण पळवतो? सिग्नल सुटल्यावर पुढे कोण, हे मात्र कुणालाही कळतं. वादाला सोपं चलन मिळालं.

अमेरिकेतली पहिली मोठी जुगलबंदी शेव्हरोले कॉर्व्हेट आणि फोर्ड थंडरबर्ड यांची. १९५३ ची कॉर्व्हेट दिसायला झकास, फायबरग्लासची बॉडी, पण आत सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. पहिल्या वर्षी ३०० बनल्या. १९५५ मध्ये थंडरबर्ड व्ही८ इंजिन आणि आरामशीर साज घेऊन आली आणि १६ हजारांवर खपली. त्या वर्षी कॉर्व्हेट बनल्या ७००. त्याच वर्षी कॉर्व्हेटलाही व्ही८ मिळालं, पुढे कंपनीचे अभियंते झोरा आर्कस-डुंटोव्ह यांनी तिला खरी धावणारी गाडी केलं. गंमत अशी की फोर्डनं १९५८ मध्ये थंडरबर्डला चार सीट दिल्या आणि ती शर्यतच सोडली. हरलेली गाडी टिकली, ती बहुतेक जिंकणारीमुळेच.

मात्र तिन्ही मुद्दे एकाच गाडीत पहिल्यांदा आले ते १५ मार्च १९६१ ला जिनिव्हात, असं माझं मत. जॅग्वार ई-टाइप. तिचा आकार आखणारे माल्कम सेयर विमान उद्योगातून आलेले, आणि वक्र रेषा नुसत्या हातानं नव्हे तर गणितानं काढणारे. गाडी बघायला आणि चालवून पाहायला इतकी गर्दी झाली की चाचणीचालक नॉर्मन ड्युइस यांना दुसरी गाडी रातोरात कॉव्हेंट्रीहून जिनिव्हापर्यंत पळवत न्यावी लागली. आणि किंमत? इंग्लंडात उघड्या ई-टाइपचे करासकट २,०९७ पौंड. अ‍ॅस्टन मार्टिन डीबी४ ला याच्या जवळजवळ दुप्पट मोजावे लागत. 'ऑटोकार' साप्ताहिकानं तिला ताशी १५० मैलांवर नेलं आणि तो आकडा अजरामर झाला. फक्त पत्रकारांना दिलेल्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या. मालकांना नंतर कळलं, की १५० काही हाताला लागत नाहीत. शिवाय सुरुवातीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नव्हतं, ते १९६४ मध्ये ४.२ लिटर इंजिनाबरोबर आलं. तरी आज ई-टाइपचं नाव निघालं की कुणी गिअरबॉक्स आठवत नाही. बोनेट आठवतं.

याच्या बरोबर उलट वाट पोर्शेची. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेली ९०१, प्यूजोनं मधल्या शून्यावर हक्क सांगितल्यामुळे ९११ झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम पाय काढला की शेपूट फिरायची. कंपनीनं आधी पुढच्या बंपरमध्ये वजनं बसवली, मग १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरनं वाढवला. दोष काढून टाकण्याऐवजी सुधारत राहण्याचं हे तंत्र पुढे तिची ओळख झालं. ज्यांच्याकडे ९११ नाही ते याला हट्ट म्हणतात, ज्यांच्याकडे आहे ते परंपरा.

आता आकड्यांची पोलखोल. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर'नं पाँटियाक जीटीओ आणि फेरारी जीटीओ मुखपृष्ठावर आमनेसामने आणल्या. दोन्ही गाड्या प्रत्यक्षात एकत्र आल्याच नव्हत्या, मुखपृष्ठावर होतं ते चित्र. आणि चाचणीच्या पाँटियाकनं ४.६ सेकंदांत साठ मैल गाठले, ते ३८९ घनइंची इंजिनाऐवजी बोनेटखाली ४२१ घनइंची बसवल्यामुळे. पाँटियाकच्या प्रसिद्धीमागचा मेंदू असलेल्या जिम वँगर्सनी हे बऱ्याच वर्षांनी कबूल केलं. तोवर त्या आकड्यावर कितीतरी गाड्या विकल्या गेल्या होत्या.

हॉर्सपॉवरचंही तसंच. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'ग्रॉस' आकडा छापत: इंजिन स्टँडवर, अंगावर ना नेहमीचा सायलेन्सर, ना एअर फिल्टर, ना अल्टरनेटरचं ओझं. १९७२ पासून 'नेट' आलं, म्हणजे गाडीत जसं बसतं तसं इंजिन मोजायचं. कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन ३३० वरून २५५ वर आलं. यातली बरीचशी घट कागदावरची होती. जुन्या गाडीचे मालक अजून ३३० सांगतात आणि नव्या गाडीचे मालक नेट आकड्याशी तुलना करून चिडतात. दोघंही खरं बोलतात, म्हणून वाद मिटत नाही. खरी घट प्रदूषण नियमांनी केली: १९७५ मध्ये साध्या कॉर्व्हेटला १६५ हॉर्सपॉवर उरले होते.

'पैसा वसूल' हा शब्द स्पोर्ट्स कारला चिकटला तो डॅटसन २४०झेडमुळे. ई-टाइप स्वस्त होती, पण श्रीमंतांच्या तुलनेत स्वस्त. २४०झेड १९७० मॉडेल म्हणून अमेरिकेत आली ती साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, ९११टी च्या जवळजवळ निम्म्यात. सहा सिलिंडरचं २.४ लिटर इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि सकाळी चावी फिरवली की चालू होणारी गाडी. ब्रिटिश रोडस्टरवाल्यांना यातली शेवटची गोष्ट जास्त झोंबली. जपानात तिचं नाव फेअरलेडी झेड. डॅटसन बनवणाऱ्या निसानचे अमेरिकेतले प्रमुख युताका कातायामा यांना ते नाव तिथं चालणार नाही असं वाटलं, म्हणून नुसता आकडा आणि अक्षर राहिलं. लांब बोनेटवरून 'ही तर ई-टाइपची नक्कल' असं तेव्हाही म्हणत. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूनं आखलेला तो आकार आज स्वतःच्या बळावर उभा आहे.

फेरारी-लँबोर्गिनीचं भांडण यापुढे मला थोडं फिकं वाटतं, कारण तिथं पैसा वसूल हा मुद्दाच नाही. लँबोर्गिनीची १९६६ ची मिउरा आणि १९७१ मध्ये दाखवलेला कुंटाशचा नमुना, दोन्ही आखणी बेर्तोने या डिझाइन कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनींची. ताशी ३०० किलोमीटरचे दावे दोन्ही कंपन्यांकडून झाले. भिंतीवर पोस्टर लागलं ते कुंटाशचं, आणि ते आकड्यामुळे लागलं नाही.

१९८९ मध्ये माझ्दा एमएक्स-५ आली ११६ हॉर्सपॉवर घेऊन. कागदावर एखादी बऱ्यापैकी सेडानही तिला मागे टाकेल. पण हलकी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी, गिअर बोटांनी पडणारी. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. ब्रिटिश रोडस्टरची जागा रिकामी आहे हे तिनं दाखवल्यावर १९९६ च्या आगेमागे बीएमडब्ल्यू झेड३, मर्सिडीज एसएलके आणि पोर्शे बॉक्स्टर धावत आल्या. बॉक्स्टरनं अडचणीतल्या पोर्शेला सावरलं, पण खर्च आवरायला तिचा पुढचा भाग १९९७ च्या ९९६ पिढीच्या ९११ शी सामाईक ठेवला गेला. ९११ वाले खवळले: हेडलाइट फोडलेल्या अंड्यासारखे, इंजिन पाण्यानं थंड होणारं, आणि समोरून बॉक्स्टर की ९११ ते कळेना. ९९६ तिच्या आधीच्या हवेवर थंड होणाऱ्या ९९३ पेक्षा नवी, तरीही जुन्या बाजारात ९९३ कितीतरी महाग. गाडी घेताना जे पैसा वसूल वाटतं, ते विकताना तसंच राहतं असं नाही.

मग घड्याळ जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर गेलं. तिथली लांब फेरी, नॉर्डश्लाइफे, २०.८३२ किलोमीटरची, पण बराच काळ वेळ मोजली जाई ती २०.६ किलोमीटरची, सुरुवातीचा तुकडा वगळून. २००८ मध्ये निसाननं जीटी-आर ७ मिनिटं २९ सेकंदांत फिरवल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत ती ७० हजार डॉलरला, ९११ टर्बोपेक्षा खूपच स्वस्त. पोर्शेनं स्वतः एक जीटी-आर घेऊन फिरवली आणि ७:५४ निघाले असं सांगितलं. निसाननं उलट उत्तर दिलं. ट्रॅकचालकांनी २०१९ पासून अधिकृत वेळेसाठी पूर्ण लांबी आणि पंच आणले.

शून्य ते साठलाही अशीच फट आहे. अमेरिकन मासिकं गाडी पहिला एक फूट सरकेपर्यंत घड्याळ सुरू करत नाहीत, ड्रॅग शर्यतीच्या पद्धतीनं. त्यात दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. युरोपात शंभर किलोमीटरपर्यंत, म्हणजे ६२ मैलांपर्यंत मोजतात. मासिकाचा आकडा आणि कारखान्याचा आकडा समोरासमोर ठेवून रात्र जागवणाऱ्यांनी एवढं तरी आधी बघावं. २०२१ मध्ये टेस्लानं मॉडेल एस प्लेडसाठी १.९९ सेकंद सांगितले तेही हा फूट वगळूनच. तरी चार दारांची, मुलांना शाळेत सोडणारी विजेची गाडी बहुतेक सगळ्या स्पोर्ट्स कारना मागे टाकते, हे खरंच. सत्तर वर्षं भांडण ज्यावर झालं तो मुद्दाच हातातून गेला.

मालक काय करतात ते पोर्शेच्या जीटी३ मध्ये दिसलं. २०१३ ची जीटी३ फक्त पीडीके ऑटोमॅटिकसह आली, कारण ती जलद होती. ओरड झाली. २०१६ मध्ये ९९१ नगांची, फक्त मॅन्युअल असलेली ९११ आर काढली गेली आणि जुन्या बाजारात तिची किंमत नव्याच्या कितीतरी वर उडाली. २०१७ च्या जीटी३ ला पोर्शेनं मॅन्युअल परत दिला, जादा पैसे न घेता. शून्य ते शंभर: पीडीकेला ३.४ सेकंद, मॅन्युअलला ३.९. अर्धा सेकंद हळू गाडी त्याच किमतीत लोकांनी मागून घेतली.