पार्श्वभूमी : यंत्राने फोन उचलला, तेव्हा

आयव्हीआर, म्हणजे फोनवर रेकॉर्ड केलेल्या आवाजात ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारं यंत्र, हे आता कुणाला समजावून सांगायला नको. पण नव्वदच्या दशकात ‘खात्यातील शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा’ असं पलीकडून ऐकू येऊ लागलं, तेव्हा पुष्कळ घरांत एक दाबून काहीच घडत नसे. तबकडीचे फोन सोडाच, बटणांचे फोनही पल्सवर चालत. पल्स म्हणजे लाइन ठरावीक वेळा तोडून जोडणं. ते तुकडे स्थानिक एक्स्चेंज मोजायचं आणि विषय तिथेच संपायचा; बँकेच्या यंत्रापर्यंत काही पोचत नसे. टोनचं तसं नाही. प्रत्येक बटणाचे दोन सूर एकदम वाजतात आणि बोलण्यासारखेच थेट पलीकडे जातात. फोनच्या पोटाखाली ‘टी’ आणि ‘पी’ अशी बारीक खिट्टी असे, तिचा उपयोग अनेकांना टेलिबँकिंगमुळे पहिल्यांदा कळला. अर्थात, एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालेलं असेल तरच ती ‘टी’वर सरकवण्यात अर्थ होता.

फॅक्सची गंमत निराळी. लहान कचेरीत लाइन एकच, त्यामुळे फॅक्स करणारा आधी फोन करून ‘टोन द्या’ म्हणे आणि इकडचा माणूस रिसीव्हर कानाला धरूनच स्टार्टचं बटण दाबे. पुढे फोन आणि फॅक्स आपोआप वेगळे करणारी यंत्रं आली. फॅक्स पाठवणारं यंत्र दर साडेतीन सेकंदांनी अकराशे हर्ट्झची छोटी शिटी देतं. ती ऐकू आली की लाइन फॅक्सकडे, नाहीतर घंटी वाजवायची. संगणकात मोडेम बसल्यावर रात्रीच्या सवलतीच्या एसटीडी दरात विक्रेत्यांना भावपत्रकं आपोआप जाऊ लागली. ‘फॅक्स ऑन डिमांड’ त्याच्या पुढची पायरी होती : हव्या त्या कागदाचा क्रमांक दाबा, आपला फॅक्स नंबर दाबा आणि वाट बघा. आलेला थर्मल कागद काही महिन्यांत फिका पडे, म्हणून फायलीला त्याची झेरॉक्स लागे ती लागेच.

कायद्याच्या बाजूने सुरुवात १९९२ ची. तेव्हा व्हॉइस मेल, ऑडिओटेक्स (फोनवर ऐकवली जाणारी ध्वनिमुद्रित माहिती), पेजर अशा सेवा खासगी कंपन्यांना खुल्या झाल्या. खरा गुंता १९९९ च्या दूरसंचार धोरणाने केला. त्यात ‘अदर सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणजे ओएसपी, हा वर्ग आला. टेलिबँकिंग, टेलिमेडिसिन, टेलिट्रेडिंग, ई-कॉमर्स हे सगळे एका पोत्यात. परवाना शुल्क नाही, पण नोंदणी हवी. शिवाय, दोन माणसांचं बोलणं जोडून देण्याचा, म्हणजे टेलिफोन कंपनीचा, धंदा करायचा नाही. नंतरच्या अटींमध्ये कॉल सेंटरही नावानिशी आलं. स्वतःच्याच ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा विभाग ओएसपी होतो की नाही, यावर मात्र वकिलांची बरीच वर्षं गेली.

सरकारची भीती एकच होती. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आत घ्यायचा आणि स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडायचा, म्हणजे आयएसडीचा पैसा बुडाला. अशी चोरटी एक्स्चेंज पकडली जात होती, तेव्हा भीती खोटी नव्हती. पण तिचा भार पडला तो नोंदणी करून उघडपणे काम करणाऱ्यांवर. साध्या टेलिफोनच्या लाइन आणि आयपीवरचा, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने जाणारा, आवाज एकमेकांना शिवता कामा नयेत, असा दंडक. परिणामी सर्व्हर-रूममध्ये दोन ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीतली छोटी एक्स्चेंज, शेजारी शेजारी : एकात तीस चॅनलची पीआरआय ही डिजिटल टेलिफोन लाइन, दुसऱ्यात परदेशाची लीज्ड, म्हणजे भाड्याने घेतलेली खास, लाइन आणि मधे सोवळं. काही ठिकाणी एकाच टेबलावर दोन फोन असत. पुण्याहून बोलणाऱ्या ग्राहकाचा कॉल परदेशातल्या सहकाऱ्याला जोडून देता येत नसे. ‘ते तुम्हाला वेगळा फोन करतील’ एवढंच सांगायचं. एकाच यंत्रात आभासी भिंत घालण्याची वाट होती, पण तिला परवानगी आणि बँक गॅरंटी. २००८ च्या अटींनुसार कर्मचारी घरून कॉल घेणार असेल, तर एक कोटीची गॅरंटी! आयएसडीचे दर केव्हाच कोसळले होते, तरी कुंपण जागच्या जागी उभं होतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर ही अट तात्पुरती शिथिल झाली आणि मुदतवाढ मिळत राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीच गेली. जून २०२१ मध्ये देशी आणि आंतरराष्ट्रीय ओएसपी हा भेदही मिटला. वीस वर्षांचं सोवळं सव्वा वर्षात सुटलं. क्लाउडवरची आयव्हीआर आज ज्या सहजतेने घेता येते, तिला या सुटकेची मोठी मदत झाली.

तोवर तक्रारीची दिशाच फिरली होती. आधी ग्राहक यंत्राला फोन करी, आता यंत्र ग्राहकाला करू लागलं. जाहिरातीचे कॉल नको असणाऱ्यांनी नाव नोंदवायची नोंदवही २००७ मध्ये आली, २०११ पासून जाहिरातदारांना १४० ने सुरू होणारे नंबर मिळाले आणि लोक ते आकडे बघूनच फोन कापायला शिकले. २०१८ च्या नियमांनी ग्राहकाची संमती ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या सामाईक डिजिटल वहीत, नोंदवायची ठरवली. जाहिरातीचा कॉल कुठला आणि सेवेचा कुठला, हा वाद तरीही शिल्लक राहिला. कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देताना ‘टॉप-अप लोन हवं का’ असं विचारलं, तर तो कशात धरायचा?

त्यावर तोडगा म्हणून २०२४ मध्ये सेवेच्या कॉलसाठी १६० ची मालिका वेगळी काढली. बँका आणि वित्तसंस्थांचे नंबर १६०० ने सुरू होऊ लागले. जुन्या डायऱ्या चाळल्या तर हे चार आकडे ओळखीचे वाटतील. १८०० येण्यापूर्वी टोल-फ्री नंबर १६०० नेच सुरू होत. तेव्हा या नंबरावर ग्राहक कंपनीला फुकट फोन करी. आता त्याच आकड्यांवरून कंपनी ग्राहकाला फोन करते.