गुन्हाकबुलीनंतरचे अपील

फौजदारी खटल्यात आरोपीने दोषारोप मान्य केला आणि त्या कबुलीवरच त्याला दोषी ठरवण्यात आले, तर त्या निकालाविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात दाद मागण्याचा मर्यादित हक्क. भारतात याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 (अंमल 1 जुलै 2024 पासून) हिच्या कलम 416 मध्ये आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम 375 मध्ये, तर 1898 च्या संहितेत कलम 412 मध्ये होती. कबुलीवरून उच्च न्यायालयाने दोषी ठरवले असल्यास अपील नाही. सत्र न्यायालयाने वा न्यायदंडाधिकाऱ्याने ठरवले असल्यास अपील होते, पण ते शिक्षेचे प्रमाण किंवा तिचा कायदेशीरपणा एवढ्यापुरतेच.

या बंधनाचा आधार दोन प्रकारे सांगितला जातो. ‘होय’ म्हणणाऱ्याला नंतर तक्रारीला जागा राहत नाही, हे एक मत. कबुलीमुळे साक्षीपुरावाच नोंदला जात नाही, तेव्हा दोषसिद्धीबाबत वरिष्ठ न्यायालयापुढे तपासण्याजोगे काही नसते, हे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिक्षेचा मुद्दा खुला का राहिला आणि सदोष कबुली या बंधनाबाहेर का पडते, या दोन्ही गोष्टी त्याने उलगडतात.

कबुली सदोष ठरते ती बहुधा नोंदीत. समन्स खटल्यात (कमाल दोन वर्षे कैदेच्या सौम्य गुन्ह्यांच्या खटल्यात) आरोपीचे उत्तर शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहावे, असे कायदा सांगतो. ‘मी मारले, पण आधी त्याने माझ्यावर कोयता उगारला’ हे उत्तर कबुली नव्हे; त्यात खासगी बचावाचा हक्क सांगितलेला आहे. मात्र कागदावर नुसते ‘गुन्हा कबूल’ उरले, तर वरच्या न्यायालयाला पुढचे वाक्य दिसत नाही. अर्धवट कबुलीबाबत मुंबईच्या 26/11 खटल्याचे उदाहरण सर्वज्ञात आहे. जुलै 2009 मध्ये अजमल कसाबने भर न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरी विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी तेवढ्यावर निकाल न देता खटला पुढे चालवला.

हलक्या शिक्षेच्या भरवशावर दिलेल्या कबुलीचा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, कर्नाटकातून आलेल्या निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या प्रकरणात म्हटले, की अशी कबुली घेऊन मग अपिलात वा पुनरीक्षणात (वरिष्ठ न्यायालयाने खालच्या आदेशाची वैधता तपासण्याच्या कार्यवाहीत) शिक्षा वाढवणे हे संविधानाच्या अनुच्छेद 21 चे, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे, उल्लंघन होय. शिक्षा अपुरी वाटत असेल, तर दोषसिद्धीही रद्द करून खटला नव्याने चालवण्यासाठी खाली पाठवावा.

नुकसानभरपाईचा आदेश. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 395 (1973 च्या संहितेतील 357) दोन वाटा देते : वसूल झालेल्या दंडातून भरपाई, किंवा शिक्षेत दंड नसल्यास भरपाईचा स्वतंत्र आदेश. पहिली दंडाचाच भाग असल्याने अपिलात निश्चित येते. दुसरीबाबत पेच आहे. दंडसंहितेतील शिक्षांच्या यादीत भरपाई नाही, त्यामुळे अक्षरशः वाचल्यास ‘शिक्षेचे प्रमाण’ या शब्दांत ती बसत नाही. उलट, अपील न्यायालयाला आनुषंगिक आदेश बदलण्याचा अधिकार असून ते स्वतःही भरपाई देऊ शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये, अपिलामुळे वसुली थांबण्याच्या बाबतीत, दोन्ही प्रकारांना सारखीच वागणूक दिली. भरपाईला अपिलाबाहेर ठेवणारा अर्थ या मांडणीशी जुळत नाही.

प्रश्न व्यवहारात महत्त्वाचा ठरतो तो चेक न वटल्याच्या खटल्यांत. जुन्या संहितेत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची दंडमर्यादा 10,000 रुपये होती, स्वतंत्र भरपाईला मात्र कमाल मर्यादाच नाही. म्हणून लाखोंच्या रकमा भरपाई म्हणून लावल्या जाऊ लागल्या. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक, हुंडी इत्यादींविषयीच्या कायद्याच्या) कलम 148 नुसार (1 सप्टेंबर 2018 पासून) चेक देणाऱ्याने अपील केल्यास दंड वा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. अपवादात्मक स्थितीत सूट मिळते, असे 2023 मध्ये स्पष्ट झाले. भरपाईच्या रकमेवर आक्षेप घेताना आरोपीची ऐपत आणि प्रत्यक्ष नुकसान हे दोन मुद्दे सहसा पुढे येतात. भरपाईचा विचार करणे व तो करताना कारणे नोंदवणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे महाराष्ट्रातील एका प्रकरणात 2013 साली ठरले. त्यामुळे ऐपतीची चौकशी न करता, कारणे न देता केलेला आदेश अपिलात टिकणे अवघड.

भरपाई अपुरी असल्यास पीडितालाही अपील करता येते (नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादात्मक तरतूद). शिक्षा अपुरी असल्याची तक्रार मात्र सरकारनेच करायची.

मुदत : अपील उच्च न्यायालयात असल्यास 60 दिवस, अन्य न्यायालयात 30 दिवस. किरकोळ शिक्षेला, उदा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने केलेल्या 100 रुपयांपर्यंतच्या दंडाला, अपील नाही. तेथे पुनरीक्षण अर्जाचा मार्ग राहतो.

प्ली बार्गेनिंग, म्हणजे आरोपीने वाटाघाटीने, सौम्य शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याची पद्धत. 2006 पासून अमलात. येथील निकाल अंतिम असतो. शिक्षेविरुद्धही नेहमीचे अपील होत नाही. सर्वोच्च न्यायालयातील संविधानाच्या अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिका आणि उच्च न्यायालयातील अनुच्छेद 226 व 227 खालील याचिका एवढेच मार्ग खुले आहेत.